थारला आधी काय लावायचं? टायर, लिफ्ट आणि त्यामागचं गणित

नवी थार घरी आली की मालकाला मिळणाऱ्या सल्ल्यांचा क्रम जवळपास ठरलेला असतो. पुढे लोखंडी बंपर, टपावर एलईडीची पट्टी, दोन इंच लिफ्ट म्हणजे स्प्रिंग उंच करून वर उचललेली गाडी, त्याखाली भरदार मड टायर आणि इंजिनला हवा देणारं, बाजूने वर गेलेलं स्नॉर्केल. गाडी देखणी दिसते यात शंका नाही. पण पावसाळ्यात पहिल्याच पाणंदीत ती रुतते आणि तेव्हा लक्षात येतं की ओढायला पट्टा नाही, पट्टा अडकवायला चेसीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, भरवशाची जागा नाही आणि टायरमधली हवा किती कमी करायची हेही कुणी सांगितलेलं नाही.

माझं म्हणणं सरळ आहे: हा क्रम उलटा हवा. गाडीतला कुठलाही बदल एकटा येत नाही. एका भागाची ताकद वाढवली की तिचा भार दुसरा कुठला तरी भाग सोसतो. तो भाग कोणता आणि त्याची तयारी आहे का, हे ज्याला कळलं त्याला मॉडिफिकेशन कळलं. या लेखात महिंद्राची थार आणि मारुतीची जिम्नी या आपल्याकडच्या दोन गाड्या आणि अजूनही जीव लावावा अशी जुनी जिप्सी यांच्या आधाराने हे गणित उलगडतो.

कंपनीने आधीच काय दिलंय

२०२० साली आलेली तीन दारांची थार नाशिकच्या कारखान्यात तयार होते. तिचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर आहे आणि कंपनीने सांगितलेली पाण्यात उतरण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर, म्हणजे साधारण गुडघ्याच्या वरपर्यंत. फोर बाय फोरमध्ये लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर, मिळते. जिम्नीचा क्लिअरन्स २१० मिलिमीटर, तिलाही लो रेंज, शिवाय पुढे-मागे दोन्हीकडे अखंड धुरा, म्हणजे दोन्ही चाकं एकाच सलग दांड्याला जोडलेली. या दोन्ही गाड्या शोरूममधून निघतात त्याच अवस्थेत सह्याद्रीतल्या बहुतेक कच्च्या वाटा पार करतात. अडतो तो बहुधा चालवणारा.

म्हणून पहिला खर्च स्वतःवर करावा. इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण देणारी अकादमी आहे. पुणे-मुंबई परिसरातही अनुभवी मंडळी नवख्यांना घेऊन जातात. लो रेंजमध्ये ब्रेक न दाबता उतार कसा उतरायचा, चढावर गाडी बंद पडली तर रिव्हर्समध्ये सरळ मागे कसं यायचं, चाक नेमकं कुठल्या दगडावर ठेवायचं, हे दोन दिवसांत शिकता येतं आणि कुठल्याही किटपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशीच माहीत हवी. या गाड्यांमध्ये फोर-हाय, म्हणजे नेहमीच्या वेगात चारही चाकांना जोर देणारा गिअर, लावलं की पुढचा आणि मागचा धुरा एकमेकांना घट्ट जोडले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं. कोरड्या डांबरावर घसरायला वाव नसतो, मग सगळा ताण पुढे-मागे जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर आणि शाफ्टवर साठत जातो. कोरड्या रस्त्यावर फोर-हाय लावून फिरणं म्हणजे गाडी आतून पिळणं आहे.

टायर: सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो

जमिनीला फक्त टायर टेकतो. इंजिन, गिअर, एका धुऱ्यावरची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉकर यांचं सगळं कर्तृत्व तळहाताएवढ्या चार ठशांतून जमिनीवर पोहोचतं. त्यामुळे हार्डवेअरवर पहिला पैसा इथेच खर्च करावा.

टायरवरचे आकडे आधी समजून घेऊ. २४५/७५ आर १६ म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १८४ मिलिमीटर, आणि रिम १६ इंचांचं. भिंत दोनदा आणि रिम एकदा मिळवलं की व्यास येतो ७७४ मिलिमीटर. थारच्या वरच्या मॉडेलला २५५/६५ आर १८ येतो. त्याचा व्यास ७८९, पण भिंत १६६ मिलिमीटरच. शहरात १८ इंची रिम रुबाबदार दिसतं. दगडात मात्र १६ इंची रिम सरस ठरतं, कारण त्याच्यासोबत येणारी उंच भिंत दबते आणि दगडाला लपेटून घेते. म्हणूनच ऑफ-रोडसाठी घेतलेल्या गाडीला २० इंची अलॉय बसवताना पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं.

आता मोठा टायर बसवला तर काय होतं? समजा २४५/७५ आर १६ च्या जागी २८५/७० आर १७ आला. व्यास ७७४ वरून ८३१ वर गेला, म्हणजे ५७ मिलिमीटर वाढ. धुरा मात्र उचलला जातो त्याच्या निम्माच, साधारण २८ मिलिमीटर. त्या २८ मिलिमीटरची किंमत पाहा. चाक सात टक्क्यांनी मोठं झाल्याने प्रत्येक गिअर तेवढाच ‘उंच’ होतो. लो रेंजमध्ये मुंगीच्या पावलांनी जाणारी गाडी आता थोडी घाईने जाते, चढावर ओढ कमी पडते. स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा खरा वेग ८६ च्या आसपास असतो. टायर जड, त्यामुळे ब्रेकला तो थांबवायला जास्त कष्ट पडतात, बेअरिंग आणि स्टिअरिंगचे जोड लवकर झिजतात, आणि पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासतो. मग लिफ्ट लागते. इथून साखळी सुरू होते.

आकारापेक्षा नक्षी आणि हवा या दोन गोष्टींना जास्त महत्त्व द्या. रोज ऑफिस, महिन्यातून एखादी कच्ची वाट, असं असेल तर ऑल-टेरेन टायर पुरतो. मड टायरच्या खाचा खोल आणि रबराचे गट्टू एकमेकांपासून दूर-दूर असतात. देशावरची काळी माती ओली झाली की फुगते, चिकटते आणि बारीक नक्षीच्या टायरला दोन फेऱ्यांत गुळगुळीत करून टाकते. तिथे मड टायरचा खरा उपयोग, कारण चाक वेगाने फिरलं की त्याच्या रुंद खाचांतून चिखल उडून जातो. कोकणातला ओला जांभा किंवा घाटमाथ्यावरचा शेवाळलेला कातळ याची गोष्ट वेगळी. तिथे खोल खाचांपेक्षा मऊ रबर आणि कमी हवा कामाला येते. आणि पावसाळ्यात ताम्हिणी किंवा वरंध घाटाच्या ओल्या डांबरावर मड टायरचं रबर जमिनीला कमी टेकतं, त्यामुळे गाडी थांबायला जास्त अंतर घेते. कच्च्या वाटेपर्यंतचा जवळजवळ सगळा प्रवास डांबरावरच होतो, हे टायर निवडताना विसरायचं नाही.

हवा कमी करणं ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित ‘अपग्रेड’ आहे. रस्त्यावर तीस पीएसआयच्या आसपास असलेली हवा दगडगोट्यांत १८ ते २० वर आणली की ठसा लांब होतो, टायर दगड चावण्याऐवजी त्याला धरतो आणि आतल्या माणसांचे हिसकेही कमी होतात. वाळूत १५ पर्यंत खाली जावं लागतं. त्याखाली गेलात तर टायर रिमवरून सुटण्याची भीती असते. कमी हवेवर वेग अगदी कमी ठेवायचा आणि झटक्यात वळायचं नाही. डांबरावर आलात की आधी हवा भरायची, कारण कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. म्हणजे सोबत चांगला गेज आणि बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर हवाच. या दोन वस्तू मी एलईडी पट्टीच्या आधी घ्यायला सांगेन.

रुतलेली गाडी काढायचं सामान

इथे चूक झाली तर माणूस जातो, म्हणून थोडं सविस्तर.

पहिली गरज चेसीला बोल्टने पक्क्या बसवलेल्या, त्या कामासाठीच बनवलेल्या ओढ-जागांची. ट्रेलर ओढायच्या गोल बॉलला पट्टा अडकवून झटका देऊ नका. तो बॉल तुटून तोफगोळ्यासारखा उडतो आणि परदेशात असे मृत्यू झालेले आहेत. दुसरी गरज योग्य पट्ट्याची. झटक्याने ओढायला ताणला जाणारा कायनेटिक दोर किंवा स्नॅच पट्टा लागतो. तो ताणात ऊर्जा साठवतो आणि हळूहळू सोडतो. न ताणणाऱ्या पट्ट्याने किंवा साखळीने झटका दिला तर तो धक्का थेट चेसी आणि हुकावर बसतो. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही आणि मोबाईलवर चित्रीकरण करणाऱ्याला सगळ्यात लांब पाठवायचं. फावडं, जाड हातमोजे, चाकाखाली घालायच्या ट्रॅक्शन पट्ट्या एवढं बरोबर असेल तर निम्म्या वेळा दुसऱ्या गाडीची गरजच लागत नाही.

विंच घ्यायची तर साधा नियम असा की भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट क्षमता हवी. माणसं-सामानासह थार सव्वादोन टन धरली तर सुमारे ३,४०० किलो, म्हणजे ७,५०० पौंड. बाजारातली ९,५०० पौंडांची विंच ४,३०० किलोंच्या आसपास येते, ती पुरेशी आहे. पण ही क्षमता ड्रमवर दोराचा एकच थर असतानाची असते. जसजसे थर वाढतात तसा जोर कमी होतो. म्हणून झाड किंवा खडक जरा लांबचा निवडावा, किंवा स्नॅच ब्लॉक म्हणजे कप्पी लावून दोर परत गाडीकडे आणावा. जोर जवळपास दुप्पट होतो, वेग निम्मा. झाडाला दोर थेट गुंडाळू नका. रुंद पट्टा वापरा, नाहीतर साल कापली जाते आणि झाड वाळतं.

विंचही साखळी घेऊनच येते. पूर्ण भारावर ती कित्येकशे अँपिअर खेचते, त्यामुळे बॅटरी आणि केबल तगडी हवी. विंच आणि ती धरणारा लोखंडी बंपर मिळून पुढच्या धुऱ्यासमोर ऐंशी-शंभर किलो वजन लटकतं. नाक खाली बसतं, स्प्रिंग बदलावी लागते, उतारावर ब्रेक मारताना पुढचा भार आणखी वाढतो. महिन्यातून एकदा गटासोबत जाणाऱ्याला विंच नसली तरी चालते. एकट्याने जाणाऱ्याला हवी, पण एकट्याने जाऊच नये हा माझा सल्ला आहे.

लिफ्ट म्हणजे नेमकं काय उचललं जातं

लिफ्टबद्दल सगळ्यात मोठा गैरसमज असा की तिने गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स वाढतो. अखंड धुऱ्याच्या गाडीत सगळ्यात खाली लोंबणारा भाग डिफरन्शियलचा, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणाऱ्या यंत्रणेचा, गोळा असतो आणि तो धुऱ्याचाच भाग असल्यामुळे चाकांच्या मध्यावर असतो. स्प्रिंग कितीही उंच करा, तो जागचा हलत नाही. त्याला वर नेतो फक्त मोठा टायर. लिफ्टने चेसी, बॉडी आणि बंपर वर जातात, म्हणजे चढाच्या पायथ्याशी नाक घासत नाही, उंचवट्यावर पोट टेकत नाही आणि मोठ्या टायरला जागा मिळते. हे फायदे खरे आहेत, पण लिफ्ट घेताना नेमकं काय विकत घेतोय ते कळलेलं असावं.

थारचा मागचा धुरा अखंड आहे, पुढचं सस्पेन्शन मात्र स्वतंत्र. पुढचं डिफरन्शियल चेसीला टांगलेलं असल्याने लिफ्टने ते वर जातं, पण चाकाकडे जाणाऱ्या दोन्ही शाफ्टचा कोन तीव्र होतो. त्यांचे सीव्ही जोड, म्हणजे वळणाऱ्या चाकापर्यंत जोर नेणारे सांधे, त्या कोनात सतत काम करण्यासाठी बनवलेले नसतात. रबरी बूट फाटतो, ग्रीस बाहेर, चिखल आत, आणि वळवताना कट-कट आवाज सुरू. म्हणून थारला दोन इंचांच्या पलीकडे जाणं म्हणजे बराच खर्च आणि बरीच तडजोड.

जिम्नीत प्रश्न वेगळे. तिचे धुरे पॅनहार्ड रॉडने आडवे धरलेले असतात. गाडी वर उचलली की तो रॉड वर्तुळाच्या कमानीवर फिरतो आणि धुरा थोडा एका बाजूला सरकतो. शिवाय पुढच्या धुऱ्याचा कलही बदलतो, स्टिअरिंग आपोआप सरळ आणणारा कोन म्हणजे कॅस्टर कमी होतो आणि हायवेवर स्टिअरिंग सरळ राहायला तयार होत नाही. यावर लांबी जुळवता येणारा पॅनहार्ड रॉड आणि कॅस्टर सुधारणारे बुश हे उपाय आहेत. ज्या किटमध्ये हे मिळत नाहीत ते किट अपुरं समजावं. जिप्सीला गोल स्प्रिंगऐवजी पुढे-मागे पोलादी पाटे असतात. तिच्यात पाटा धुऱ्याच्या खालून काढून वर बसवायची युक्ती फार जुनी आहे. उंची भरपूर मिळते, पण जोर लावताच धुरा पाट्यासकट पीळ खातो, म्हणून तो रोखणारा जास्तीचा दांडा लावावा लागतो.

आणि उलटण्याचं काय? चाकांमधलं अंतर दीड मीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटीमीटरवर आहे असं धरू. अशी गाडी आडव्या उतारावर कागदोपत्री ४७ अंशांपर्यंत टिकते. गुरुत्वमध्य पाच सेंटीमीटर वर नेला की ४५. दोन अंश किरकोळ वाटतात, पण खऱ्या वाटेवर खालच्या बाजूची स्प्रिंग दबते, वरच्या चाकाखाली दगड येतो, टपावर सामान असतं. मग उरलेल्या जागेतला प्रत्येक अंश मोलाचा ठरतो. टपावरच्या कॅरिअरमध्ये जॅक, पाण्याचे कॅन आणि जादा टायर भरणं हे लिफ्टपेक्षाही वाईट आहे.

लिफ्ट करायचीच असेल तर स्प्रिंगखाली फक्त चकत्या घालून थांबू नका. त्यात शॉकअप जुनाच राहतो आणि त्याची उतरण्याची मजल संपते. स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र घ्या, ब्रेकचे होज पुरेसे लांब आहेत का बघा, हेडलाइट पुन्हा खाली जुळवा आणि अलाइनमेंट करा.

लॉकर आणि पाणी

साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक हवेत लटकलं की त्याला फिरवायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो, म्हणजे शून्याच्या आसपास. गाडी तिथेच उभी. थारच्या वरच्या मॉडेलमध्ये मागे यांत्रिक लॉकिंग डिफरन्शियल येतं. जिम्नी फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून जोर दुसरीकडे वळवते. ही ब्रेकची पद्धत वापरताना चाक फिरू लागलं म्हणून घाबरून पाय काढू नका. क्षण-दोन क्षण एकसारखा रेस ठेवा, तिला काम करायला तेवढा वेळ लागतो. हे कळल्यावर अनेकांची लॉकरची गरज संपते.

स्नॉर्केल इंजिनला उंचावरून हवा देतं, धुळीच्या काफिल्यात त्याचा खरा फायदा होतो. त्याने गाडी पाण्यासाठी सुरक्षित होत नाही. दारातून, वायरिंगमधून, अल्टरनेटरमधून पाणी शिरतंच. त्याहून महत्त्वाची आणि बरीच स्वस्त गोष्ट म्हणजे ब्रीदर, धुऱ्यातली हवा आत-बाहेर जाऊ देणारं तोंड. तापलेला धुरा थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी ओढून घेते. ब्रीदरची नळी उंच नेऊन बसवली की हे टळतं. आणि वाहत्या पाण्याबाबत कुठलंही उपकरण उपयोगी नाही. दोन फूट वेगवान पाणी मोठी एसयूव्हीसुद्धा उचलून नेतं. पुलावरून पाणी जात असेल तर थांबायचं.

कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना बुल बारवर, म्हणजे बंपरपुढच्या लोखंडी नळ्यांवर, कारवाई करायला सांगितलं. त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे: लोखंडी नळी पादचाऱ्याला ठार करते आणि धडकेची ऊर्जा बंपर चुरडून शोषण्याऐवजी थेट चेसीकडे नेते, त्यामुळे एअरबॅगची वेळही चुकू शकते.

गोव्यात २०१४ पासून भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेतल्या टोकाच्या गाड्या पाहून आपल्या गाडीचे बेत आखू नयेत. त्या गाड्या स्पर्धेसाठीच बनवलेल्या असतात, त्यातल्या अनेक ट्रेलरवरून येतात. रस्त्यावरच्या गाडीत जो बदल कराल तो विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर दावा अडतो. वॉरंटीचा प्रश्न काम करण्याआधीच सर्व्हिस सेंटरला विचारा.

आणि कुठे चालवायचं हाही कायद्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. घाटमाथ्यावरच्या सड्यांवर दोन-चार इंच मातीत पावसाळ्यापुरत्या उगवणाऱ्या अनेक वनस्पती जगात इतरत्र सापडत नाहीत. मड टायरचा एक फेरा ती माती खरवडून काढतो आणि ती पुन्हा साचायला पिढ्या लागतात. तिथे गाडी घालू नका, कुणी घालत असेल तर अडवा.

जुनी बदललेली गाडी घेताना

अनेक जण तयार जिप्सी किंवा जुनी थार विकत घेतात. तेव्हा आधी आरसी घेऊन इंजिन आणि चेसी नंबर स्वतः जुळवा. इंजिन बदललेलं असेल तर त्याची आरटीओत नोंद आहे का बघा. पंधरा वर्षं होत आली असतील तर पुनर्नोंदणीच्या तपासणीत हे सगळं उघडं पडणार आहे. खाली शिरून चेसीवर जिथे-जिथे वेल्डिंग आहे तिथे हात फिरवा, शॉकअपच्या बैठकीजवळ केसासारखी चीर शोधा. डिफरन्शियलचं बूच उघडून तेल बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. बॉनेट उघडून जादा दिव्यांच्या वायरी रिले आणि फ्यूजमधून नेल्यात की बॅटरीवरून सरळ ओढल्यात ते पाहा. सरळ ओढलेल्या असतील तर त्या सगळ्या काढून नव्याने करायचा खर्च किमतीतून आधीच वजा करून बोला.